लेंटच्या फलकावर काय लिहावं: पश्चात्ताप, प्रायश्चित्त की अनुताप?

शरणपूररोड: जय ख्रिस्त. नाशिकमधल्या दोन-तीन ख्रिस्ती मंडळ्या मिळून लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात, एकत्र प्रार्थनासभा घेतोय. फलकासाठी मी ‘पश्चात्तापाचा आणि आशेचा काळ’ असं लिहून दिलं. कॅथलिक मित्र म्हणाले, आमच्याकडे याला प्रायश्चित्तकाळ म्हणतात, तेच घाला. तो शब्द पाहून आमच्या मंडळीतले वडीलधारे म्हणाले, हा फलक आपल्या देवळाबाहेर, म्हणजे चर्चबाहेर, लागणार नाही. दोघांना चालेल असं काही आहे का? शनिवारी छपाईला द्यायचंय.

जेलरोड: प्रायश्चित्तकाळच लिहा. लहानपणापासून हेच ऐकतोय. नुसतं वाईट वाटून घेतलं तर चाळीस दिवस कशाला हवेत? प्रार्थना, उपवास, दानधर्म, तिन्ही करायच्या गोष्टी आहेत. आमच्याकडे मागच्या वर्षी ईस्टरआधीच्या झावळ्यांच्या रविवारी मिळालेल्या झावळ्या घराघरांतून क्रुसामागे खोचलेल्या असतात. त्या सुकून कडकडीत झालेल्या असतात. लेंट सुरू होतो त्या राखेच्या बुधवारच्या आधी त्या गोळा करून जाळतात आणि राख वस्त्रगाळ करतात. ‘होसान्ना’ असा जयघोष करताना हातात धरलेली तीच झावळी राख होऊन कपाळाला लागते. याला मी प्रायश्चित्त म्हणतो.

जुनी_मंडळी: वडीलधाऱ्यांचं म्हणणं नीट समजून घ्या. योहानाच्या पहिल्या पत्रात ख्रिस्त स्वतःच आपल्या पापांबद्दल प्रायश्चित्त आहे. ते होऊन गेलं, त्यात आपण काय भर घालणार? शिवाय या शब्दाला इतिहास आहे. मिशनऱ्यांकडे राहून आलेल्या श्रीपत शेषाद्रीला १८४३ मध्ये जातीत परत घ्यावं म्हणून बाळशास्त्री जांभेकर झगडले. त्याला परत घेतलं ते प्रायश्चित्त देऊनच. म्हणजे आपल्याकडून परत जायचा दरवाजा या शब्दाचा होता. तो आपल्याच फलकावर कसा लावायचा?

जेलरोड: १८४३ चा राग आजच्या शब्दावर का? शब्द वापरणाऱ्यांचा असतो.

पंचवटीकर: मी ख्रिस्ती नाही, पण राहवत नाही. तुम्ही ‘अनुताप’ का घेत नाही? अनुतापात चित्त न्हालं की तेच प्रायश्चित्त, असं तुकोबांनी सांगितलंय. रामकुंडाशेजारी वाढलोय, न्हाण्याचं मोल कळतं. पश्चात्तापात नजर मागे, अनुतापात ताप सोबत चालतो.

शब्दवेडी: ‘अनु’ म्हणजेही मागाहूनच, अनुज आठवा. दोन्ही शब्दांत ताप आधी घडलेल्या गोष्टीचाच. आणि खरी अडचण तीच आहे. बायबलमध्ये पश्चात्तापासाठी जे मूळ शब्द आहेत त्यांतल्या ग्रीक मेटानोइयाचा रोख मन पालटण्यावर, हिब्रूतलं शूव म्हणजे वळणं, परतणं. आपल्या पश्चात्तापात जळणं आहे, वळणं नाही. ‘मनपालट’ लिहा.

जुनी_मंडळी: ‘पश्चात्ताप करा, कारण स्वर्गाचे राज्य जवळ आले आहे’ हे पिढ्यान्‌पिढ्या तोंडी बसलंय. तिथे मनपालट घालून बघा, कुणी आमेन म्हणणार नाही. वाक्याचा दुसरा भाग तर पुढेच बघतोय!

पंचवटीकर: मग ‘आशे’चं काय? तुकोबा तर आशा समूळ खणून काढावी म्हणतात. आमच्या कानाला आशा म्हणजे हाव. तिला पश्चात्तापाशेजारी बसवलेलं खटकतं.

शरणपूररोड: पौलाने विश्वास आणि प्रीतीच्या मध्ये ठेवली ती आशा हावेची नव्हे. येशूच्या दाखल्यातला, घर सोडून सगळं उधळून बसलेला उधळा मुलगा डुकरांच्या शेंगांवर नजर लावून बसलाय. तिथे त्याला पश्चात्ताप झाला हे खरं, पण तेवढ्यावर तो तिथेच मेला असता. ‘मी उठून आपल्या बापाकडे जाईन’ हे तो कशाच्या बळावर म्हणतो? घरात कुणीतरी आहे, हाकलणार नाही, किमान मोलकरी म्हणून तरी ठेवेल, एवढ्याच भरवशावर. हा भरवसा नसेल तर पश्चात्ताप माणसाला पोखरतो. येशूला धरून देणाऱ्या यहूदालाही पस्तावा झालाच होता, पण त्याने जीव दिला. म्हणून फलकावरून दुसरं काहीही काढा, ‘आशा’ काढू देणार नाही.

जेलरोड: यावर मात्र आपलं जमलं. आमच्याकडे लेंटच्या चौथ्या रविवारी फादर जांभळ्याऐवजी गुलाबी झगा घालू शकतात. मधेच आनंद करायची मुभा आहे.

शब्दवेडी: पण चाळीस कसे? २०२६ मध्ये राखेचा बुधवार १८ फेब्रुवारीला आणि ईस्टर ५ एप्रिलला. मधले दिवस ४६ भरतात.

जुनी_मंडळी: सहा रविवार धरत नाहीत. रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस, त्या दिवशी उपवास नाही.

पंचवटीकर: उपवास की उपास? आमच्याकडे उपास म्हणजे साबुदाणा. उप अधिक वास, देवाजवळ राहणं, असं आजोबा सांगायचे.

जेलरोड: आमच्या घरी उपासच म्हणतात. राखेच्या बुधवारी आणि उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) एकच पोटभर जेवण. सामिष वर्ज्य, मासे चालतात. साबुदाण्याला कसलीच आडकाठी नाही.

जुनी_मंडळी: मासे चालतात, मग उपास कसला? आमच्या आजीचा उपास म्हणजे संध्याकाळपर्यंत पाणीसुद्धा नाही.

शरणपूररोड: सगळ्यांचं वाचतोय. शनिवारपर्यंत एक शब्द सांगा.

शब्दवेडी: सामिषमध्ये मासे येत नाहीत हे कुणी ठरवलं? आमिष म्हणजे मांस, पण गळाला लावतात तेही आमिषच.