विषय: एचलेजरचा फोरकास्ट १५ एप्रिलपर्यंत रिकामा

नमस्कार मंडळी,

घरखर्चाचा हिशोब एचलेजरमध्ये (साध्या मजकुराच्या फाइलीत हिशोब ठेवणारा, कमांडने चालणारा प्रोग्राम) आहे, खात्यांची नावे मराठीत. पगार दर दुसऱ्या शुक्रवारी हातात $३,१००. भाडे $२,४००, एक तारखेला. पुण्याच्या फ्लॅटचा हप्ता ₹३८,०००, पाच तारखेला एनआरई (अनिवासी भारतीयांच्या) खात्यातून. टिल्डचे (~) नियम, म्हणजे ठरावीक काळाने येणाऱ्या नोंदी, लिहिलेत, तरी --फोरकास्ट (पुढचा अंदाज) दिल्यावर १५ एप्रिलच्या आधीचे काहीच दिसत नाही. बॅलन्सशीट (मालमत्ता आणि देण्यांचा अहवाल) तर कोरीच येते. काय राहिले असावे?

— ऑस्टिनकर

---

ऑस्टिनकर,

(कमांड इथे देवनागरीत लिहितो आहे. टर्मिनलवर अर्थातच रोमन, आणि आकडेही इंग्रजीच.)

जर्नलमध्ये (नोंदींच्या फाइलीत) १५ एप्रिलची एखादी पुढची नोंद आधीच करून ठेवली आहे का, ते पाहा. बहुधा टॅक्सचा हप्ता असेल. एचलेजर नियमांवरून नोंदी तयार करतो त्या जर्नलमधल्या शेवटच्या खऱ्या नोंदीच्या दुसऱ्या दिवसापासून. त्यामुळे पुढच्या तारखेची एकच नोंद मधले सगळे आठवडे गिळून टाकते. दोन उपाय आहेत. एकतर ती नोंद काढून तिचाही टिल्डचा नियम करा, नाहीतर सुरुवात स्वतः सांगा: --फोरकास्ट=२०२६-०३-०१.. बरोबरचे चिन्ह हवेच. पण अशी तारीख दिलीत की त्यानंतर हाताने घातलेला पगार आणि नियमातला पगार, दोन्ही मोजले जातात. मला पहिला उपाय बरा वाटतो.

शेवटची तारीख दिली नाही, तर अंदाज आजपासून १८० दिवसांवर थांबतो. वर्षाअखेरपर्यंत हवा असेल तर -ई २०२७-०१-०१ द्या. ही तारीख अहवालात धरली जात नाही, म्हणून ३१ डिसेंबर देऊ नका.

बॅलन्सशीट कोरी येते कारण खात्याचा प्रकार इंग्रजी नावावरून ओळखला जातो. 'मालमत्ता' आणि 'देणी' ही नावे त्याला कळत नाहीत. जर्नलच्या सुरुवातीला अकाउंट डिरेक्टिव्ह (खाते जाहीर करणारी ओळ) लिहून प्रत्येक मूळ खात्यापुढे टाइप टॅग लावा: मालमत्तेला ए, देण्यांना एल, उत्पन्नाला आर, खर्चाला एक्स. खर्चाला ई लावू नका, ते इक्विटीचे अक्षर आहे. पोटखाती प्रकार आपोआप घेतात. टॅगच्या अर्धविरामाआधी दोन स्पेस सोडा.

खाते आणि रक्कम यांच्यामध्येही दोन स्पेस लागतात. एकच पडली तर 'खर्च:किराणा $४००' असे अख्खे नवे खाते तयार होते, आणि समोरच्या ओळीत रक्कम असेल तर चूकही दाखवली जात नाही. सगळी खाती जाहीर करून -एस (कडक तपासणी) लावलेत की हे लगेच पकडले जाते.

— सॅन होजेकर

---

वरच्यात पगाराची भर घालतो, कारण खरी गडबड तिथे होते. दर दुसऱ्या शुक्रवारी म्हणजे वर्षात २६ पगार. 'मंथली $६,२००' लिहिले तर वर्षाचे $६,२०० हिशोबातून गळतात. वर्षाला बारांनी भागून 'मंथली $६,७१६' लिहिले तर दहा महिने खात्यात नसलेले $५१६ दिसतात. म्हणून:

~ एव्हरी १४ डेज फ्रॉम २०२६-०१-०९  पगार
    मालमत्ता:चेकिंग    $३१००
    उत्पन्न:पगार

वर्णनाआधी इथेही दोन स्पेस. (चेकिंग म्हणजे रोजच्या व्यवहाराचे बँक खाते.) ९ जानेवारीला पहिला पगार धरला तर २०२६ मध्ये मे आणि ऑक्टोबर तीन-तीन पगारांचे. आठवड्यांऐवजी दिवस मोजा. सुरुवात आठवड्याच्या मधूनच होत असली तरी घोळ होत नाही. भाड्याला 'मंथली', हप्त्याला 'एव्हरी ५थ डे ऑफ मंथ'.

महिनाअखेरची शिल्लक बघून निर्धास्त होऊ नका. ३१ तारखेला बरी दिसणारी शिल्लक दुसऱ्याच दिवशी भाड्याने तळाला जाते. रजिस्टर चेकिंग -एच --फोरकास्ट चालवा (एच मोठे) आणि शेवटच्या रकान्यातला सर्वात लहान आकडा शोधा. -एच विसरलात आणि -बी ने सुरुवातीची तारीख दिलीत, तर बेरीज आधीची शिल्लक सोडून शून्यापासून सुरू होते आणि सगळे खाते बुडाल्यासारखे दिसते.

रुपयांचा हप्ता रुपयांतच ठेवा. -एक्स $ (मोठे एक्स, सगळे डॉलरमध्ये दाखवणारे) हे एकूण चित्रापुरते ठीक, पण एनआरई खाते कोरडे पडणार का, हे रुपयांच्या रजिस्टरमध्येच कळते. कमोडिटी डिरेक्टिव्हमध्ये (चलन कसे लिहायचे ते सांगणारी ओळ) ₹१,००,०००.०० असा नमुना दिला की लाखांचे स्वल्पविरामही जागेवर येतात.

— न्यू जर्सीकर

---

दोघांनाही धन्यवाद, १५ एप्रिलचा टॅक्सच होता. आता किराणा क्रेडिट कार्डावर जातो आणि बिल चेकिंगमधून भरतो. दोन्ही नियम लिहिले तर खर्च दोनदा धरला जाईल ना? आणि बजेट अहवालात बराच खर्च 'अनबजेटेड'खाली का जातो?

— ऑस्टिनकर

---

दोनदा धरला जात नाही, फक्त बिलाच्या नियमात खर्चाचे खाते येऊ देऊ नका. किराण्याचा नियम खर्च:किराणा आणि देणी:कार्ड यांच्यात, बिलाचा देणी:कार्ड आणि मालमत्ता:चेकिंग यांच्यात. बिलाची रक्कम मात्र तुम्हालाच ठरवून लिहावी लागते. कार्डावर महिन्याला $१,४०० आणि भरणा $१,२०० लिहिलात तर अंदाजात कार्डाचे देणे महिन्याला $२०० ने वाढत राहील, आणि चेकिंग उगाच सुखी दिसेल. म्हणून देणी:कार्डचेही रजिस्टर काढा.

ज्या खात्याला उद्दिष्ट नाही त्याचा खर्च 'अनबजेटेड'मध्ये जातो. -ई (मोठे) लावलेत की ती खाती वेगवेगळी दिसतात. प्रत्येकाला उद्दिष्ट देत बसू नका. खर्च:खाणे या वरच्या खात्याला $९०० द्या, किराणा आणि हॉटेल त्याची पोटखाती केलीत की दोन्ही त्यात जमा होतील. अहवाल 'खर्च'पुरताच मागा: बॅलन्स खर्च -एम --बजेट (एम मोठे). नाहीतर चेकिंगलाही उद्दिष्ट दिसते, आणि सगळा किराणा कार्डावर असताना त्या टक्केवारीला काही अर्थ नाही.

बजेट आणि फोरकास्ट दोन्ही त्याच टिल्डच्या ओळी वाचतात. 'एवढ्यात भागवायचे' आणि 'एवढे होईलच' हे आकडे वेगळे असतील तर दोन फाइली करा आणि मुख्य जर्नलसोबत दुसऱ्या -एफ ने हवी ती जोडा.

— सॅन होजेकर