जलरंग शिकताना घोडं कुठे पेंड खातं?

माझ्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात ६३ कागद आहेत. त्यातल्या निम्म्याहून जास्त कागदांवर फक्त आभाळ आहे, खाली काही नाही. आभाळ बिघडलं की पुढे झाडं-घरं काढायचा उत्साहच राहत नाही.

५१व्या वर्षी जलरंग हातात घेतले, त्याला आता दीड वर्ष झालं. परवाचीच गोष्ट. अल्ट्रामरीनचा, म्हणजे गडद निळ्याचा, वॉश (पातळ रंगाचा सलग हात) छान उतरत आला होता, वर गडद आणि क्षितिजाकडे फिकट. कागदावरची चकाकी नुकती कुठे मावळत होती. तिथेच हात आवरायचा. पण उजवीकडचा ढग जरा बोथट वाटला म्हणून ओला ब्रश नुसता टेकवला. दोन मिनिटांत त्या जागचं पाणी पसरलं, त्याने रंग कडेला लोटला आणि आभाळात अस्सल कोबीचा गड्डा उगवला, पानांच्या झालरीसकट. असं का होतं ते आता ठाऊक आहे. कागद अर्धवट सुकलेला असताना ब्रशात कागदापेक्षा जास्त पाणी असलं की ते आत घुसतं आणि रंगाला हाकलतं. ठाऊक आहे, पण हात ऐकत नाही.

म्हणून सगळ्यांना विचारतेय. बक्षिसं मिळालेल्या चित्रांबद्दल नका लिहू. तुमचं घोडं कुठे अडलं ते लिहा: कागदापाशी, पाण्यापाशी, शिकवणाऱ्यापाशी, की स्वतःच्या घाईपाशी. आणि कुठल्या गावात बसून रंगवता तेही सांगा. पुण्यात मार्चमध्ये जमलेलं ऑगस्टमध्ये का जमत नाही, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

ठाणे, बँकेतून निवृत्त

माझी चूक साधी आणि महागडी. निवृत्तीच्या पैशातून पहिल्याच महिन्यात परदेशी ट्यूबांचा २४ रंगांचा डबा घेतला आणि रंगवायला घेतली नातवाची ड्रॉइंगची वही. पाणी लागलं की पान पापडासारखं फुगायचं, खळग्यांत रंगाची डबकी साचायची. दुसरा हात फिरवला की कागदाचे तंतू निघायचे. वर्षभर मला वाटत राहिलं की आपल्याला वॉश देता येत नाही.

मग एका ओळखीच्या चित्रकाराने ३०० जीएसएमच्या, म्हणजे चांगल्या जाड, शंभर टक्के कॉटनच्या कागदाचा एक तुकडा दिला. त्याच रंगांनी, त्याच ब्रशने, त्याच संध्याकाळी वॉश सरळ उतरला. मी त्याच्याकडे बघितलं, तर तो म्हणाला, "काका, वर्षभर तुम्ही कागदाशी भांडत होता."

आता २२ बाय ३० इंचाचा पूर्ण ताव आणतो आणि त्याचे आठ तुकडे करतो. प्रत्येक तुकडा दोन्ही बाजूंनी रंगवतो. बँकेत आयुष्य गेलेला माणूस कागदाची मागची बाजू वाया घालवणार नाही. रंग मात्र सहाच वापरतो. बाकीच्या १८ ट्यूबा डब्यात तशाच आहेत, झाकणं घट्ट बसलीत.

नवख्याला माझा एकच सल्ला: रंग आपल्या कॅमलचे घ्या, बिघडत काही नाही. पैसे कागदावर घाला.

रत्नागिरी, शाळेत शिक्षिका

पुण्याच्या ताई, तुमचं ऑगस्टचं कोडं आम्हाला जूनपासूनच पडतं. आमच्याकडे जुलैत वॉश दिला आणि भाकऱ्या करून आले, तरी कागद ओलाच. पहिला थर सुकल्यावर दुसरा थर द्यायचा हे पुस्तकात ठीक आहे. इथे पहिला थर सुकेस्तोवर सांजवात लावायची वेळ होते. हेअर ड्रायर घेतला, तर त्या दिवसांत वीज असेलच असं नाही.

पण खरा घोळ वेगळाच झाला. गेल्या दिवाळीत चांगला कागद घेतला होता आणि जपून वापरायचा म्हणून लाकडी कपाटात ठेवला. पावसाळ्यानंतर काढला. बाहेरून पांढराशुभ्र, वासही नाही. त्यावर निळा वॉश दिला तर जागोजागी गडद ठिपके उठले, जसं काही कागदाला देवी आल्यात. रंग पृष्ठभागावर थांबेचना, टीपकागदावर टाकल्यासारखा आत शोषला जायचा. आधी वाटलं पाणी खराब आहे, मग वाटलं ब्रशला साबण राहिलाय. चार दिवसांनी उलगडा झाला. जलरंगाच्या कागदाला खळ दिलेली असते, जिलेटिनची किंवा तसल्याच कशाची. त्या खळीमुळेच रंग वर तरंगत राहतो. दमट हवेत ती खळ मरते. कागद दिसतो धडधाकट, पण रंग धरत नाही.

आता कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत, सोबत सिलिका जेलच्या पुड्या, आणि वर पत्र्याचा डबा. हो, पापडांचाच डबा. घरात म्हणतात पापडांपेक्षा कागदाची बडदास्त जास्त आहे. आणि मेलेला कागद फेकला नाही हो, मुलांना पेन्सिलीने रेखाटायला दिला. पेन्सिलीला खळीचं सोयरसुतक नसतं.

अकोला, औषधांचं दुकान

रत्नागिरीच्या बाई, आमची रड उलटी आहे. मे महिन्यात पारा ४५च्या घरात, वर कूलरचा वारा. वॉश डावीकडून सुरू करून उजवीकडे पोचेपर्यंत डावी बाजू वाळलेली असते आणि मधे रेघ पडते. ती रेघ जन्मात निघत नाही. आमचं आभाळ म्हणजे पट्ट्यापट्ट्यांची सतरंजी.

मी तीन उपाय केले. पहिला, पहाटे साडेपाचला उठून रंगवणं. दुसरा, कागद दोन्ही बाजूंनी भिजवून ओल्या टॉवेलवर पसरणं, म्हणजे खालून ओल मिळत राहते. तिसरा, पाण्यात ग्लिसरीन. दुकानात आहेच. त्याने रंग उशिरा वाळतो.

सावंतवाडी, घरकाम आणि थोडी शेती

माझं अडलं नव्हतं, कारण मी सुरूच केलं नव्हतं. सुरू कसं झालं ते सांगते.

मैसूरला सहलीला गेलो होतो. जगनमोहन राजवाड्यातल्या चित्रशाळेत ते 'ग्लो ऑफ होप' बघितलं, हातात समई घेतलेल्या मुलीचं. शेजारी उभा असलेला माणूस बायकोला सांगत होता की हे रविवर्म्याचं. मला राहवलं नाही. म्हटलं, नाही हो, हे आमच्या सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांचं. १८८२ साली आमच्या गावात जन्मलेले. आणि चित्रातली मुलगी त्यांचीच लेक, गीता. हे मला शाळेपासून पाठ होतं. पण मला तोपर्यंत ते तैलचित्र वाटायचं. खालची पाटी वाचली तर जलरंग!

मग पाऊण तास तिथेच. बाकीचे चामुंडीला जायची घाई करत होते. ज्योतीच्या आडोशाला धरलेला तो हात बघा. बोटांच्या फटींतून लालसर उजेड झिरपतो, बोटांच्या कडा पेटल्यासारख्या दिसतात. जलरंगात पांढरा रंग वर थापून उजेड आणायचा नसतो, कागदाचा पांढरेपणा राखायचा असतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. एवढंच कळलं की हा उजेड वरून लावलेला नाही.

घरी आल्यावर लेकीला समई देऊन बसवलं. पहिल्या चित्रात तिचा हात भाजलेल्या वांग्यासारखा आला. सगळीकडे आधी गडद रंग दिला आणि मग उजेडाला जागाच उरली नाही. आता आधी उजेडाची जागा पेन्सिलीने आखते आणि तिकडे ब्रश जाऊच देत नाही. सातवं चित्र चालू आहे. लेक आता बसायला पैसे मागते.

पुणे, सॉफ्टवेअर

व्हिडिओ बघून शिकलो. शेकडो बघितले. अडचण अशी की व्हिडिओत रंग सुकायची वाट बघतानाचा भाग कापलेला असतो. त्यामुळे मला वर्षभर वाटायचं की वाट बघायचीच नसते.

दुसरं म्हणजे माझी सगळी चित्रं फिकी. ओला रंग दिसतो गडद, सुकल्यावर चांगलाच फिका पडतो. मोबाइलवर स्वतःच्या चित्राचा फोटो काढून तो कृष्णधवल केला तर झाड, घर, रस्ता, सगळं एकाच राखाडी रंगाचं. आता डोळे किलकिले करून बघतो आणि सावल्यांना ओल्यापणी जरा भीती वाटेल इतका गडद रंग देतो.

कोल्हापूर, वर्कशॉप

शाळेत एलिमेंटरी, इंटरमीजिएट दोन्ही दिल्या होत्या. स्थिरचित्राला तांब्या, दोन वांगी, मागं निळं फडकं. सावली म्हणजे काळा रंग, हे आमच्या डोक्यात तेव्हाच पक्कं झालं. वडी ओली करायची, वांग्याच्या एका बाजूला काळं फासायचं. ग्रेडही मिळाली, त्यामुळं शंका यायचं कारण नव्हतं.

पुढं २५ वर्षं लेथवर गेली. आता पोरं धंदा बघतात, मी सकाळी रंकाळ्यावर बसतो. पहिलं वर्ष सगळ्या चित्रांत सावल्या म्हणजे ग्रीस सांडल्यासारख्या. एका जाणत्यानं डब्यातनं काळी ट्यूब काढून खिशात घातली आणि म्हटलं, सहा महिन्यांनी देतो. मग अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना, म्हणजे निळं आणि तपकिरी, एकत्र करायला शिकलो. पांढऱ्या चिनी मातीच्या बशीत दोन्ही शेजारी शेजारी सोडायचे, मधे एकमेकांत शिरू द्यायचे, घोटायचे नाहीत. निळं जास्त झालं तर पावसाळी ढग, तपकिरी जास्त झालं तर जुन्या भिंतीची सावली. अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांत बसतात आणि सावली जरा रवाळ दिसते. घोटून मिसळलं की ती मजा जाते, नुसता चिखल राहतो. ट्यूब त्यानं अजून परत दिलेली नाही, मीही मागितली नाही.

आबालाल रहिमान, शाहू महाराजांच्या दरबारचे चित्रकार, कोटितीर्थाच्या काठी निसर्गचित्रं काढायचे. एकदा तिथं जाऊन बसलो. त्यांच्या वेळचं काय राहिलंय म्हणा. पण झाडाखाली बसून बोर्ड मांडीवर घेतला, तेवढ्यात एक म्हातारबा आले. बराच वेळ कागदाकडं बघितलं, मग समोर बघितलं, आणि विचारलं, "मोजणी आलीया व्हय सायेब?" मी म्हटलं, नाही, चित्र काढतोय. "मग ही पाण्याची टाकी का नाही काढली?" टाकी खरंच समोर होती. मला दिसलीच नव्हती, म्हणजे नको होती म्हणून दिसली नव्हती. काढली टाकी. त्या दिवशीच्या चित्रात तेवढंच बरं आलंय.

मिनियापोलिस

जानेवारीत बाहेर बसून बर्फ रंगवायची हौस. वॉश दिला, आणि डोळ्यांदेखत त्यात नेच्याच्या पानांसारखी नक्षी उमटायला लागली. रंग गोठत होता! फार सुंदर दिसलं. घरात आणल्यावर वितळून निम्मी नक्षी वाहून गेली. इथले लोक पाण्यात थोडी व्होडका घालतात, मग गोठायला वेळ लागतो. मीही घालते. सासूबाई भारतातून आल्या होत्या, त्यांना माझी पाण्याची बाटली वास घेऊन कळली. खुलासा करायला अर्धा तास लागला आणि तो त्यांना पटलेला नाही.

नागपूर

दारच्या बोगनवेलीचं चित्र, माझं पहिलं बरं जमलेलं. फ्रेम करून दिवाणखान्यात लावलं, समोर पश्चिमेची खिडकी. दोन वर्षांत फुलं गेली, फांद्या राहिल्या. पाहुणे म्हणतात, पानगळीचं छान काढलंय. नंतर समजलं की मी वापरलेला अलिझरिन क्रिमझन हा गडद लाल रंग उजेडात उडतो. ट्यूबच्या मागे बारीक अक्षरांत रंगद्रव्याचा क्रमांक असतो, तो वाचायचा: पीआर ८३ असेल तर उडणारा, पीव्ही १९ असेल तर टिकणारा. नाव दोन्हींचं सारखंच गोड असू शकतं.

गाव सांगत नाही

मी क्लास लावला होता. सर प्रत्येकाच्या मागे येऊन उभे राहायचे आणि "जरा बघू" म्हणून ब्रश हातातून घ्यायचे. चार फटकाऱ्यांत झाड उभं राहायचं. वर्षाअखेरीच्या प्रदर्शनात माझं चित्र लागलं, खाली माझं नाव. घरचे सगळे आले, कौतुक केलं. त्यात माझं म्हणाल तर डावीकडची होडी. ती सगळ्यांना जरा खटकली.

होडी मात्र मी कापून ठेवली आहे.

पुन्हा मी, पुण्याहून

ऑगस्टचं कोडं सुटलं. कागद शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेतला आहे, त्याचा काही दोष नाही. मीच तो स्वयंपाकघराच्या माळ्यावर, कुकरच्या वाफेत ठेवला होता. आज खाली काढला. गाव न सांगणाऱ्या, ती होडी मला बघायची आहे.

अकोल्याच्या भाऊंना एक विचारायचं राहिलं: ग्लिसरीन नेमकं किती?

अकोला

वाटीभर पाण्याला दोन-तीन थेंब. मी पहिल्यांदा चमचाभर घातलं होतं. चित्र चार दिवस चिकट होतं, पाचव्या दिवशी त्यावर तीन मुंग्या आणि एक डास. आभाळातच आहेत, पक्षी म्हणून चालून गेले.