भिंती उभ्या राहायच्या आत शेजारी उचलायचा की नाही? सिव्ह 6, डेइटी, पहिले 50 टर्न

ढालतलवार

गेले दोन आठवडे एका मित्राशी रोज याच विषयावर वाद चाललाय म्हणून इथे मांडतो. त्याचं म्हणणं, सिव्हिलायझेशन 6 या संगणक खेळात डेइटीवर, म्हणजे सगळ्यात अवघड पातळीवर, पहिल्या 50 टर्नमध्ये युद्ध काढणं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा मारून घेणं, गुपचूप शहरं वसवा, मारामारी नंतर. मला हे अजिबात पटत नाही. डेइटीवर एआयला, म्हणजे संगणक खेळवतो त्या शेजाऱ्याला, सुरुवातीलाच 3 सेटलर (शहर वसवणारी युनिट्स) मिळतात आणि आपल्याला 1, म्हणजे आपलं पहिलं मॉन्युमेंट होतंय तोवर त्याची तीन शहरं उभी असतात आणि चौथा सेटलर आपल्याच नदीकाठी येऊन बसतो. शेजारी सात-आठ हेक्सवर (नकाशावरच्या षटकोनी घरांवर) असेल तर वसवायला जागा आहे कुठे? जागा त्याच्याकडूनच घ्यायला लागते.

आणि ती घ्यायची तर भिंतींच्या आधी. सगळा खेळ तिथे आहे. भिंत नसलेलं शहर म्हणजे नुसती 200 हेल्थ, उलट मारा शून्य. एन्शंट वॉल्स चढल्या की वर 100 ची वेगळी पट्टी येते आणि शहर दर टर्नला बाण मारायला लागतं, 15 ताकदीचा आर्चर (तिरंदाज) त्यापुढे किती टिकणार? माझ्या गेममध्ये टर्न 40-45 च्या आसपास राजधानीला भिंती दिसायला लागतात. म्हणजे हातात जेमतेम चाळीस टर्न.

रविवारचाच गेम सांगतो. मी जर्मनी, शेजारी क्लिओपात्रा, तिची राजधानी रा-केदेत माझ्यापासून आठ हेक्सवर. सुरुवातीला तीन स्लिंगर (गोफणवाले) काढले, त्यातल्या एकाने बार्बेरियन मारला तसा आर्चरीचा युरेका (संशोधनातली सूट) लागला, सोनं साठवलेलं होतंच, तिघांना आर्चर केलं, चौथा आर्चर अगोगे कार्ड (युनिट लवकर काढून देणारं धोरण) लावून काढला आणि दुसरा वॉरियर. युद्ध जाहीर करून लगेच पुढे गेलो नाही, माझ्याच हद्दीतल्या जंगलाच्या टेकडीवर वॉरियर फोर्टिफाय करून बसवला, मागे आर्चर. तिचे तीन वॉरियर आपणहून चालत आले आणि तिथेच संपले. मग पुढे. शहराच्या उत्तरेला एक वॉरियर आणि बरोबर समोर दक्षिणेला दुसरा, एवढं केलं की सहाही हेक्स झोन ऑफ कंट्रोलमध्ये (युनिटच्या दबावाखालच्या शेजारच्या घरांत) येतात आणि शहराची दर टर्नला होणारी 20 ची भरपाई बंद पडते. आर्चर दोन हेक्सवरून प्रत्येकी 16-18 मारत होते. चौथ्या टर्नला वॉरियर आत. टर्न 36.

पाच लोकसंख्येची राजधानी, वर एक बिल्डर हाताला लागला. हे सगळं सोडून मी सेटलर काढत बसायला हवं होतं का?

मंदचाल

असहमत, आणि आधी हिशोब करू. प्रॉडक्शनमध्ये तीन स्लिंगर 105, एक आर्चर 60, एक वॉरियर 40, झाले 205. अगोगेने थोडं वाचलं असेल. पहिला सेटलर 80, दुसरा 110, म्हणजे 190 मध्ये दोन शहरं, नक्की मिळणारी, जिथे मला हवी तिथे, ताज्या पाण्यावर, पर्वताशेजारी. तुमच्या 205 मध्ये तीन अपग्रेडचं सोनं धरलेलंच नाहीये, ते सोनं मी बिल्डरला लावलं असतं.

दुसरं, तुम्ही जर्मनी घेतलीत. बार्बारोसाला लष्करी कार्डाचा एक जादा स्लॉट असतो, म्हणून अगोगे आणि डिसिप्लिन (बार्बेरियनविरुद्ध जादा ताकद) दोन्ही एकदम लावता आले. बाकीच्यांना चीफडममध्ये, म्हणजे पहिल्या शासनपद्धतीत, एकच लष्करी स्लॉट, एक लावलं की दुसरं सोडायचं, आणि इकडे सैन्य बाहेर गेलं की मागे बार्बेरियन स्काउट शहर बघून परत जातो आणि पाच टर्नमध्ये घोडेस्वार दारात. हे तुमच्या गोष्टीत आलंच नाही.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, लॉयल्टी, म्हणजे शहराची मालकाशी निष्ठा. 2018 मध्ये राइज अँड फॉल हा विस्तार आल्यापासून शहर घेणं वेगळं आणि शहर टिकवणं वेगळं. नऊ हेक्सच्या आतली सगळी लोकसंख्या दाब टाकते. मी स्वतः भोगलंय. गेल्या वर्षी टर्न 38 ला शेजाऱ्याचं सीमेवरचं शहर घेतलं, दोन लोकसंख्या उरली होती, समोर त्याची राजधानी आणि अजून एक शहर. लॉयल्टी दर टर्नला धडाधड उतरत गेली, नऊ टर्नमध्ये ते फ्री सिटी (कोणाचंच नसलेलं शहर) झालं, त्याची युनिट्स माझ्याच जखमी आर्चरवर तुटून पडली. शहरही गेलं आणि ते घेणारं सैन्यही गेलं.

एआय कॅम्पस (विज्ञानाचा डिस्ट्रिक्ट, पर्वताशेजारी फायद्याचा) टाकतो कुठे तेही बघा. पर्वत एकीकडे, कॅम्पस भलतीकडे, आणि एकदा टाकलेला डिस्ट्रिक्ट काढता येत नाही, शेवटपर्यंत तो तसाच छळणार.

ढालतलवार

लॉयल्टीचं तुमचं म्हणणं खरं आहे पण तुम्ही चुकीचं शहर घेतलंत. सीमेवरचं छोटं शहर पहिलं घ्यायचंच नाही. राजधानी आधी, कारण दाब तिथूनच येतो, ती आपल्याकडे आली की तोच दाब उलटा त्याच्या उरलेल्या दोन शहरांवर. आणि पहिला गव्हर्नर टायटल (गव्हर्नर नेमायचा हक्क) साठवून ठेवायचा, शहर पडलं त्याच टर्नला व्हिक्टर हा गव्हर्नर पाठवायचा, बाकीच्यांना बसायला पाच टर्न लागतात, त्याला तीन, आणि बसला की दर टर्नला 8 लॉयल्टी. रा-केदेतची लॉयल्टी एकदाही पिवळ्याच्या खाली गेली नाही.

सेटलरच्या हिशोबात तुम्ही एक गोष्ट विसरलात, प्रत्येक सेटलर एक लोकसंख्या घेऊन जातो, आणि तिसरा 140 चा, चौथा 170 चा, किंमत चढतच जाते. आर्चर शंभर काढा, 60 चे 60. शिवाय तेच चार आर्चर पुढच्या शहरालाही चालतात, सेटलर एकदा वसला की संपला.

निशाचर

मी लवकर हल्ल्याच्याच बाजूचा आहे पण एक गोष्ट सगळ्या नव्या लोकांना कळकळीने सांगतो, मेली युनिट (वॉरियरसारखी जवळून लढणारी) जपा. आर्चर शहर घेऊ शकत नाही. मागच्या महिन्यात शेजाऱ्याचं शहर मी पार लाल केलं होतं, हेल्थबारवर एक बारीक रेघ तेवढी उरली होती, पाच आर्चर गोल करून उभे आणि माझे दोन्ही वॉरियर आदल्या टर्नला मेले, कारण मी त्यांना नदी ओलांडून हल्ला करायला लावलं. नदीपलीकडून मेली हल्ल्याला 5 ची कात्री लागते हे माहीत असून घाईत केलं. नवा वॉरियर घरून यायला सात टर्न. वेढा उठल्यावर शहर परत दर टर्नला 20 ने भरायला लागलं, मी बाण मारतोय, ते भरतंय, मी मारतोय, ते भरतंय, वॉरियर दोन हेक्सवर आला त्या टर्नला भिंती पूर्ण झाल्या. त्या रात्री मी झोपलो नाही नीट.

तेव्हापासून नियम केलाय, मेली तीन. दोन वेढ्याला, एक मागे राखीव, त्याने कशालाही हात लावायचा नाही. तो फक्त शेवटच्या टर्नला आत शिरतो.

जुनामावळा

सिव्ह 4 पासून खेळतोय, 2005 पासून. तेव्हा कांस्य मिळालं की कुऱ्हाडवाल्यांचा ढीग एकाच चौकोनावर रचायचा आणि शेजाऱ्याच्या दारात न्यायचा, जमिनीचा फारसा विचारच नव्हता. 2010 च्या सिव्ह 5 पासून हेक्स आले आणि एका हेक्सवर एकच लढाऊ युनिट, तिथून लवकरच्या लढाईचं गणित पार पालटलं. आता प्रश्न किती युनिट आहेत हा नाही, किती युनिट एकाच वेळी मारा करू शकतात हा आहे. राजधानीसमोर डोंगर आणि मध्ये दोन हेक्सची वाट असेल तर तुमचे सहा आर्चर असोत की दहा, मारणारे दोनच, बाकीचे मागे रांगेत. एआय तिथे तुम्हाला खिंडीत गाठतो, त्याला कळो न कळो.

म्हणून मी ना ढालतलवार यांच्या बाजूचा ना मंदचाल यांच्या. आधी स्काउट पाठवा, शेजाऱ्याच्या राजधानीभोवती एक पूर्ण फेरी मारा. आर्चरला दोन हेक्सवर उभं राहायला चार मोकळ्या जागा दिसल्या, त्यातही एखादी टेकडी, तर जा. नाही दिसल्या तर सेटलर काढा. टर्न बघून ठरवू नका, जमीन बघून ठरवा.

मंदचाल

जुनामावळा, जमिनीचा मुद्दा मान्य, शंभर टक्के. पण तुम्ही दोघंही युद्ध जिंकलं की गेम जिंकला असं धरून बोलताय. मी टर्न 100 ला माझी किती शहरं आहेत ते बघतो. अर्ली एम्पायर आलं की कोलोनायझेशन कार्ड, सेटलरला 50 टक्के जास्त प्रॉडक्शन. मग गव्हर्नमेंट प्लाझा, त्यात अँसेस्ट्रल हॉल, अजून 50 टक्के आणि वर प्रत्येक नव्या शहराला एक बिल्डर फुकट. मॅग्नस या गव्हर्नरला प्रोव्हिजन ही बढती दिली की सेटलरमागे लोकसंख्याही जात नाही, म्हणजे ढालतलवार यांचा तो मुद्दा इथे निकालात निघतो. यातून मला टर्न 100 ला दहा शहरं मिळतात, एकही युद्ध न करता, आणि शेजाऱ्याशी मैत्री असते, त्यामुळे व्यापारी निर्धास्त फिरतात. तुमची राजधानी टर्न 36 ला आली, मान्य, पण त्या 36 टर्नमध्ये तुमच्या स्वतःच्या राजधानीत काय झालं? ना बिल्डर, ना दुसरं शहर. आणि गॅदरिंग स्टॉर्म या विस्तारात ग्रीव्हन्स (आक्रमणाबद्दल धरलेला राग) आहेत, क्लिओपात्राच्या उरलेल्या शहरांवर हात टाकाल तसे बाकीचे तोंड फिरवतील.

ढालतलवार

मॅग्नसला प्रोव्हिजन, प्लाझा, हॉल हे सगळं कधी येतं? टर्न 60 च्या पुढे. तोवर जवळ शेजारी असेल तर त्याने जागा खाल्लेली असते. तुमची दहा शहरं मोकळ्या नकाशावर येतात, तिथे मीही तेच करतो. ग्रीव्हन्सचं म्हणाल तर त्या पहिल्या काळात कमी बसतात, मध्ययुगात हेच केलं असतं तर जगाने वाळीत टाकलं असतं. म्हणूनच तर म्हणतो, करायचं तर आत्ता.

माझ्या राजधानीत काही झालं नाही हे मात्र खरं. पहिला बिल्डर टर्न 40 ला निघाला, तेवढं मागे पडलोच.

रानजाई

मला हा गेम मे 2020 मध्ये एपिकवर फुकट मिळाला तेव्हापासून खेळतेय, आत्ता एम्परर या डेइटीहून सोप्या पातळीवर आहे, त्यामुळे तुमच्यासारखा अनुभव नाही. पण शहर न घेताही लवकरचं युद्ध मला फायद्याचं पडलंय. शेजाऱ्याचा एकटा सेटलर सीमेवर दिसला की वॉरियर शेजारी नेऊन युद्ध जाहीर करायचं आणि सेटलर पकडायचा. तो सेटलरच राहतो, थेट वसवता येतो. 80-110 चा माल एका चालीत आणि शेजाऱ्याचं तेवढंच नुकसान. मग घरी येऊन टेकडीवर बसायचं, त्याची युनिट्स येतील ती मारायची, दहा टर्नने तह. हे कोणी का बोलत नाही?

मंदचाल

रानजाई ताई, हे मात्र मीही करतो आणि मनापासून करतो. याला माझी हरकत नाही, कारण इथे वॉरियर आधीच असतो, वेगळा खर्च शून्य. फक्त डेइटीवर एआयचे सुरुवातीचे 5 वॉरियर असतात आणि प्रत्येकाला 4 ची जादा ताकद, त्यामुळे सेटलर पकडल्यावर वॉरियर आणि सेटलर दोघांनाही घरी पळवता येईल एवढं अंतर आधी मोजून ठेवा.

निशाचर

यात भर, मार खाल्लेला वॉरियर परततोय आणि वाटेत शत्रूचं शेत असेल तर ते लुटा, 50 हेल्थ परत मिळते. मी दोनदा असाच वाचवलाय.

रानजाई

मग आत्ताच एक विचारते, गेम चालू आहे, टर्न 14. माझी शेजारीण तोमिरिस, सिथिया. सात हेक्सवर, मध्ये सगळं सपाट मैदान, एकच टेकडी, ती तिच्या शहरापासून दोन हेक्सवर. काय करू?

ढालतलवार

इथे मी थांबा म्हणेन. तोमिरिसची युनिट्स जखमी युनिटवर 5 ने जास्त मारतात आणि मारल्यावर बरी होतात. सपाट मैदानात तुमचा एक आर्चर जखमी झाला की पाठोपाठ सगळे जातील. स्पिअरमन काढा, 25 ताकद आणि घोड्यांवर 10 जादा, आणि स्वतःच्या भिंती.

मंदचाल

आणि मी नेमकं उलट सांगेन. माझं सगळं म्हणणं शेजारी बरोबर राहू देण्यावर उभं आहे, आणि तोमिरिस राहू देण्यासारखी शेजारीण नाही. हॉर्सबॅक रायडिंग आलं की तिला एका घोडेस्वाराच्या किमतीत दोन मिळतात. दोन-चार स्पिअरमन त्याला पुरत नाहीत, मी दोन गेम असे घालवलेत. तिला गाठायचं तर घोडे यायच्या आतच. ती टेकडी आहे ना दोन हेक्सवर, ती आधी घ्या, बाकी सगळं नंतर.

जुनामावळा

एकच टेकडी म्हणजे एकच सुरक्षित आर्चर, बाकीचे उघड्यावर. शहराच्या मागे काय आहे? फेरी मारलीत का?

रानजाई

स्काउट आत्ता उत्तरेच्या बाजूने निघाला. स्लिंगरने मघाशी बार्बेरियन मारलाय, युरेका लागलाय, आर्चरी पाच टर्न. शहरामागे जंगल दिसायला लागलंय, तीन हेक्स तरी आहेत.

मंदचाल

मग दुसरा स्लिंगर लावा उत्पादनाला, सेटलर नको आत्ता.