'लाइन'ला मराठीत काय म्हणायचं?

भाचीला शाळेतून काम मिळालं होतं: एक साधा इंग्रजी शब्द घ्या आणि त्याचे जमतील तेवढे अर्थ लिहा. तिने 'लाइन' घेतला आणि मला म्हणाली, "मावशी, लाइनला मराठीत एकच शब्द सांग ना." मी सांगायला गेले आणि अडले. वहीत मारतो ती रेघ, भूमितीत तीच रेषा, कवितेत ओळ, रेशनच्या दुकानासमोर रांग, पंढरपूरला दर्शनाला उभं राहिलं की बारी, गवंड्याच्या हातात दोरी. एकच शब्द कुठून आणू?

मग शब्दाच्या मुळाशी गेलो, आणि तिथे निघालं जवस! लॅटिनमध्ये जवसाच्या झाडाला 'लिनम' म्हणत. त्याच्या खोडातल्या वाखापासून सूत काढत, ते कापड म्हणजे लिनन. त्या सुताचा धागा तो 'लिनिआ', आणि त्याचीच पुढे लाइन झाली. म्हणजे आधी खरोखरचा धागा, मग ताणलेली दोरी, मग दोरीने आखलेली सरळ खूण, मग त्या खुणेवर एकामागे एक उभी राहिलेली माणसं, घरं, अक्षरं. आपण भाकरीबरोबर जवसाची चटणी खातो ते हेच झाड. इथे ते बियांसाठी पेरतात, तिकडे धाग्यासाठीही पेरत आले, एवढाच फरक. सुतावर वाढलेल्या सोलापुरात राहून हे मला इतक्या उशिरा कळावं याचं नवल वाटलं.

शिंप्याकडचं 'लायनिंग'ही याच घरचं. ब्लाउजला आतून लावतात ते अस्तर पूर्वी लिननचं असे, म्हणून ते लायनिंग. त्यात रेघेचा संबंध नाही. पण आपल्याकडे कापडाच्या दुकानात 'लायनिंगचा शर्ट' मागितला तर दुकानदार अस्तराचा शर्ट काढत नाही, उभ्या रेघांचा काढतो. हा अर्थ इंग्रजीत नाही, तो आपण घडवला. मला तो चुकीचा वाटत नाही. मात्र परीक्षेत इंग्रजी निबंधात तसं लिहू नको, असं भाचीला सांगितलं.

आपल्या गावातला 'रेल्वे लाइन्स' हा भाग घ्या. सोलापूरला रेल्वे 1860 साली आली, तेव्हा नाव रुळांवरून पडलं असेल असं कुणालाही वाटेल. पण छावणीत सैनिकांच्या राहुट्या आणि बराकी रांगेने असत, म्हणून इंग्रज तसल्या वस्तीलाच 'लाइन्स' म्हणत. सिव्हिल लाइन्स, पोलीस लाइन ही त्याच चालीची नावं. "तो पोलीस लाइनीत राहतो" यातली लाइन म्हणजे घरांची रांग.

आणि शेतावर? आमचे मामा मोहोळकडचे. त्यांच्या तोंडी लाइन म्हणजे वीज. "या आठवड्यात रात्रीची लाइन आहे" म्हणजे मोटार रात्री चालू करायला उठावं लागणार. "लाइन आली का गं?" हा प्रश्न मी लहानपणापासून ऐकला आहे. इंग्रजीतल्या लाइनला तारेचा अर्थ आहे. तारेतून येते त्या विजेलाच लाइन म्हणणं ही पुढची उडी आपली. शिवाय शब्द पुरता मराठी झाला आहे: लायनी, लायनीत, लायनीनं. ज्याला आपली विभक्ती लागते तो पाहुणा राहत नाही.

रांगेच्या अर्थाने ब्रिटनमध्ये मात्र 'क्यू' म्हणतात, लाइनीत उभे राहतात ते अमेरिकेत. 'डेडलाइन'ही तिकडचीच, आणि तिची गोष्ट वाईट आहे. 1864 मध्ये, अमेरिकेतल्या यादवी युद्धात, अँडरसनव्हिलच्या तुरुंगात कुंपणाच्या आत एक हद्द आखली होती; ती ओलांडणाऱ्या कैद्याला गोळी घालत. आज आपण ऑफिसात हा शब्द सहज वापरतो. 'मुदत' हा चांगला शब्द आपल्याकडे असताना मला तो वापरवत नाही.

माझा जीव रमला तो दुसऱ्याच गोष्टीत. धाग्यापासून निघून विचारापर्यंत जाणारी वाट आपल्याकडेही आहे: सूत्र. सूत्र म्हणजे मुळात दोरा. त्यावरून पाणिनीची सूत्रं, गणितातलं सूत्र, नाटकातला सूत्रधार, बातमीतली 'विश्वसनीय सूत्रं'. सुतार हासुद्धा सूत्रधारच. लाकडावर सूत धरून खूण करणारा. दोन सूत जाडीची पट्टी मागितली की हार्डवेअरवाला पाव इंचाची देतो, कारण एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. दोघांचं सूत जुळतं, आणि वठणीवर आलेला माणूस सुतासारखा सरळ होतो. इंग्रज त्यालाच 'लाइनवर आणणं' म्हणतो. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता एकाच दोऱ्याने सरळपणा मोजला.

गवंडी तर दोन्ही शब्द एकत्र बांधतो आणि 'लाइनदोरी' म्हणतो. अर्थ एकच, शब्द दोन. म्हणून काही लोक त्याला हसतात. मी हसणार नाही. त्या दोरीला लाइन म्हणायचा खरा हक्क त्याचाच आहे.

भाचीच्या वहीत शेवटी सतरा वाक्यं झाली. एक जागा मात्र रिकामी ठेवली आहे. पेरणी झाल्यावर रानात उगवून आलेल्या ज्वारीच्या ओळीला मामा 'तास' म्हणतात, मामी 'काकरी' म्हणते, आणि दोघंही आपलाच शब्द खरा म्हणतात. मामींचं माहेर बार्शीकडचं. तुमच्याकडे काय म्हणतात? आणि तास आणि काकरी यांत तुम्ही काही फरक करता का?