जावा वेब ॲपमध्ये सीएसएस (पानाचं रूप ठरवणारी फाइल) लागत नव्हतं, कारण काय निघालं? अनुभव लिहा

पान उघडतं, मजकूर दिसतो, पण रूप सगळं विस्कटलेलं. हा प्रकार बहुतेकांनी पाहिला असेल. "फोल्डर बदलला आणि चाललं" एवढंच लिहू नका. सर्व्हरने नेमकं काय उत्तर दिलं होतं तेही सांगा, कारण पुढच्याला उपयोग त्याचाच होतो.

सुरुवात मी करतो. टॉमकॅट या जावा सर्व्हरवरचं, स्प्रिंग एमव्हीसी फ्रेमवर्कमधलं जुनं ॲप. आलेल्या रिक्वेस्ट योग्य कंट्रोलरकडे पाठवणारा स्प्रिंगचा डिस्पॅचर सर्व्हलेट '/' वर मॅप केलेला. साध्या फाइली देणारा टॉमकॅटचा डिफॉल्ट सर्व्हलेटही तिथेच असतो, त्यामुळे त्याची जागा गेली. सीएसएसची रिक्वेस्ट डिस्पॅचरकडे, तिथे तिला हँडलर नाही, म्हणून ४०४ (सापडलं नाही). कॉन्फिगमध्ये रिसोर्स हँडलर जोडला आणि प्रश्न सुटला.

---

आमच्याकडे '/' ऐवजी '/*' होतं. ते आणखी वाईट, कारण त्यात जेएसपीसुद्धा (जिच्यातून सर्व्हर पानाचं एचटीएमएल बनवतो ती फाइल) अडकते. कंट्रोलरने जेएसपीकडे फॉरवर्ड केलं की रिक्वेस्ट फिरून डिस्पॅचरकडेच. नुसत्या '/' मध्ये '*.जेएसपी'चं मॅपिंग वरचढ ठरतं, म्हणून ती वाचते.

---

माझा अनुभव वेगळा, कारण ४०४ आलाच नाही. फक्त लॉगिनचं पान बिघडायचं, आत गेल्यावर सगळं छान. नेटवर्क टॅबमध्ये सीएसएससमोर २०० (सगळं ठीक) दिसत होतं, म्हणून टीममधले सगळे फाइलच तपासत बसले. मी त्या ओळीवर क्लिक करून रिस्पॉन्स उघडला, तर आत लॉगिन पानाचं एचटीएमएल! कंटेंट-टाइपही 'टेक्स्ट/एचटीएमएल'. त्याच्या वरच्याच ओळीत ३०२ (दुसऱ्या पत्त्यावर वळवलं) होता. स्प्रिंग सिक्युरिटी लॉगिन न केलेल्याची प्रत्येक रिक्वेस्ट लॉगिनकडे वळवत होती, सीएसएसचीही. ब्राउझर असलं उत्तर स्टाइलशीट म्हणून घेत नाही, आणि ते योग्यच आहे. सीएसएससारख्या साध्या फाइलींच्या स्टॅटिक फोल्डरला परमिट-ऑल (लॉगिनशिवाय सगळ्यांना परवानगी) दिलं. आता नवीन मुलांना मी पहिल्यांदा हेच शिकवते: स्टेटस बघून थांबू नका, बॉडी उघडा.

---

फाइल ॲपच्या वेब-इन्फ (WEB-INF) फोल्डरच्या आत असेल तर शोधाशोध करू नका. तो फोल्डर थेट ब्राउझरला द्यायचा नाही, असा सर्व्हलेट स्पेसिफिकेशनचाच नियम आहे.

---

आमच्याकडे स्टेटस बरोबर, टाइप बरोबर, तरी आयकॉनच्या जागी रिकामे चौकोन. फॉन्टची मूळ फाइल आणि जारमधली (बिल्ड करून बनलेल्या पॅकेजमधली) फाइल शेजारी ठेवली, तर आकार वेगळे. मेव्हन या बिल्ड टूलचं रिसोर्स फिल्टरिंग (फाइलींतल्या खुणांच्या जागी खऱ्या किमती भरणं) चालू होतं, आणि ते फॉन्टलाही टेक्स्ट समजून नव्याने लिहीत होतं. वॉफ, टीटीएफ ही एक्स्टेन्शन्स फिल्टरिंगमधून वगळली. बिल्डमध्ये फाइल बिघडते हे सहसा कुणाच्या डोक्यात येत नाही, म्हणून मुद्दाम लिहितोय.

---

लोकलवर चालतं आणि सर्व्हरवर ४०४, असं असेल तर आधी कॉन्टेक्स्ट पाथ (पत्त्यात होस्टच्या नावानंतर येणारा ॲपचा भाग) बघा. '/' ने सुरू होणारी लिंक ॲपच्या नव्हे, होस्टच्या मुळापासून धरली जाते. जेएसपीत 'सी:यूआरएल' टॅग वापरला की कॉन्टेक्स्ट पाथ आपोआप जोडला जातो.