मदत हवी आहे: आईला ताप नव्हता तरी सेप्सिस झाला, पुढच्या वेळी वेळेत कसं ओळखायचं?

नमस्कार. आई ७४ वर्षांची आहे. मधुमेह आहे, बीपीची गोळी चालू आहे. लघवीच्या जंतुसंसर्गातून तिला सेप्सिस झाला होता, म्हणजे संसर्गाला शरीराचा प्रतिसाद इतका बिघडला की तिचेच अवयव धोक्यात आले. आयसीयूतून सुटून आता घरी आली आहे.

त्या दिवशी ताप नव्हता, लघवीला जळजळही नव्हती. दुपारपासून ती असंबद्ध बोलू लागली, हातपाय गार पडले, सारखी झापड येत होती. साखर एरवीपेक्षा बरीच वाढलेली होती, त्यामुळे सुरुवातीला सगळ्यांचं लक्ष साखरेकडेच गेलं. रुग्णालयात नेलं तेव्हा वरचं बीपी ८६ होतं.

घरी बाबा एकटेच तिच्याजवळ असतात. त्यांनी नेमकं काय बघायचं? ताप हीच खूण धरून चालणार नाही, हे आता कळलंय. दुसरं म्हणजे, कल्चरचा (जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीचा) रिपोर्ट आल्यावर अँटिबायोटिक बदललं, मग पहिलं चुकीचं होतं का? आणि दर महिन्याला लघवी तपासून घेतली तर हे टळेल का? भीती मनातून जात नाही. कृपया माहितगारांनी सांगावं.

प्रतिसाद १
मी अतिदक्षता विभागात डॉक्टर आहे. आई घरी आल्या, फार बरं वाटलं.

वयस्कर माणसांत ताप न येणं नेहमीचं आहे. उलट अंग ३६ अंश सेल्सियसच्या खाली गेलं तर जास्त काळजी करावी. पॅरासिटामॉल आणि स्टिरॉइडनं ताप झाकला जातो, बीपीच्या काही गोळ्या नाडी वाढू देत नाहीत. म्हणून बाबांना श्वास मोजायला शिकवा. आई शांत बसलेल्या असताना, घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट. बऱ्या असतानाचा आकडा लिहून ठेवा. २२ किंवा त्याहून जास्त झाला आणि सोबत बोलण्यात गोंधळ किंवा नेहमीपेक्षा जास्त झोप असेल, तर सकाळची वाट बघू नका. वरचं बीपी १०० किंवा त्याखाली, लघवी अगदी कमी होणं, त्वचेवर निळसर जाळी दिसणं, यांपैकी एक जरी दिसलं तरी तेच. मात्र आकडे ठीक आहेत म्हणून निर्धास्त राहू नका. ‘आज ही नेहमीसारखी नाही’ असं बाबांना वाटलं, तर तेवढं कारण पुरेसं आहे. साखर अकारण चढली तरी संसर्ग शोधायला हवा.

तिथे पोचल्यावर थेट विचारा, ‘हा सेप्सिस असू शकतो का?’ बीपी घसरलेलं असेल तर अँटिबायोटिक तासाभरात सुरू व्हावं, असं २०२१च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात. त्याआधी कल्चरसाठी रक्त घ्यायचं, पण त्यापायी औषध लांबवायचं नाही. सोबत लॅक्टेटची (अवयवांना रक्त कमी पडतंय का ते सुचवणारी) रक्ततपासणी आणि शिरेतून सलाईन. तेवढ्यानं बीपी सावरलं नाही तर बीपी वर आणणारं औषध, नॉरअ‍ॅड्रेनॅलिन.

पहिलं औषध चुकीचं होतं असं नाही. जंतू कोणता हे कळायला दोन-तीन दिवस लागतात, तोवर थांबलं तर माणूस हातचा जातो. म्हणून आधी अनेक जंतूंना पुरे पडेल असं औषध देतात आणि रिपोर्ट आला की नेमकं निवडतात. घरातलं उरलेलं अँटिबायोटिक मात्र कधीही देऊ नका. कल्चरमध्ये जंतू सापडत नाही आणि रोग आतून वाढत राहतो.

दर महिन्याच्या तपासणीला माझा स्पष्ट नकार आहे. या वयात कसलाच त्रास नसतानाही लघवीत जंतू सापडतात, मधुमेहात तर अधिकच. काही शस्त्रक्रियांपूर्वीचा अपवाद सोडला, तर त्यांना औषध लागत नाही. दर वेळी औषध दिलं की औषधांना न जुमानणारे जंतू तयार होतात आणि खरी गरज पडते तेव्हा हाताशी फारसं काही उरत नाही.

धागाकर्ती
मनापासून आभार. श्वासाचा आकडा आजच लिहून ठेवते. अजून एक, आई खूप विसरते, रात्री दचकून उठते. हे सेप्सिसमुळेच का?

प्रतिसाद २
माझे वडील यातून गेले. त्यांना चालायची ताकद यायलाच कित्येक महिने लागले, विसराळूपणही होतं. डॉक्टरांनी सांगितलं की सेप्सिसनंतर हे बऱ्याच जणांना होतं. फिजिओथेरपी लवकर सुरू करा, रोज थोडंथोडं चालवा.

प्रतिसाद १
हो, बहुधा त्यामुळेच. पण गोंधळ एकाएकी वाढला तर तो नवा संसर्ग समजूनच धावा. आणि कल्चरच्या रिपोर्टचा फोटो बाबांच्या फोनमध्ये ठेवा. पुन्हा वेळ आलीच तर पहिलं औषध निवडताना डॉक्टर तोच आधी मागतील.