ट्रस्टचा हिशेब मागितला म्हणून माहेर तुटावं का?

शहापूरची लेक
बेळगावातली आमची तीन दुकानं बाबांनी स्वतःच्या कमाईतून घेतलेली. 2009 साली त्यांनी ती खासगी ट्रस्टमध्ये घातली. ट्रस्टी थोरला दादा, आणि भाड्याचे आम्हा तिघा भावंडांना समान वाटे. कागद कन्नडात आहे. मला अडखळत वाचता येतं, म्हणून भाचीकडून ओळ न ओळ वाचून घेतला. बाबा 2018 ला गेले. पहिली दोन वर्षं दिवाळीला पैसे आले, नंतर बंद. गेल्या भाऊबीजेला ओवाळून झाल्यावर मी हिशेब विचारला, तर दादा ताट तसंच ठेवून उठला. माझ्या कपाटात बाबांची लाल कापडी वही आहे. शेवटची नोंद त्यांच्या हातची, मधल्या दुकानाचं भाडं. त्यापुढची पानं कोरी आहेत. मी चुकले का?

खानापूरचा थोरला
ताई, राग मानू नका, पण मीही थोरलाच आहे. तीन वर्षं आईला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला मी नेलं. बाकीची भावंडं पुण्याला, रविवारी फोन करायची. पावसाळ्यात छत गळलं की भाडेकरू माझ्याच दारात. घरपट्टी मी भरायची, कोर्टाची तारीख मी सांभाळायची, आणि वाटा मात्र समान? जो राबला त्याला थोडं जास्त मिळालं तर बिघडलं कुठं? तुमच्या दादालाही हेच वाटत असणार, त्याला नुसतं बोलता आलं नसेल.

चिकोडीचा वकील
राबलात हे खरं, पण ट्रस्टी म्हणून वेगळा मोबदला घ्यायचा तर तो कागदात लिहिलेला किंवा ट्रस्टी होतानाच करारानं ठरलेला हवा. 1882 च्या भारतीय न्यास कायद्याच्या कलम 50 मध्ये तसं आहे. छतावर, घरपट्टीवर झालेला योग्य खर्च मात्र कलम 32 नुसार ट्रस्टच्या पैशातून वळता करून घेता येतो. पावत्या ठेवा आणि घ्या. ताईंसाठी: कलम 57 नुसार लाभार्थ्याला ट्रस्टचा कागद आणि हिशेब पाहता येतो, नकलाही घेता येतात. त्यासाठी कुणाची मेहरबानी लागत नाही.

निपाणीकर
कायदा सांगणं सोपं आहे हो वकीलसाहेब. आमच्या चुलत्यांनी वाटणीचा दावा लावला, आजी त्यातच गेली, बाराव्याला दोन घरांनी दोन स्वयंपाक केले. पोरीनं हक्कसोड करून माहेर जपावं, हीच आपल्याकडची रीत. साडी-चोळीत मान असतो.

शहापूरची लेक
निपाणीकर दादा, साडी-चोळी मी कधी मागितली नाही. बाबांनी स्वतः सही करून जे लिहिलं तेच मागतेय. मी हक्क सोडला तर बाबांचाच शब्द खोटा पडेल ना? आणि येळ्ळूरची वडिलोपार्जित भातशेती आहे, तिच्याबद्दल तर मला सांगितलंय, “तुझं लग्न 94 च्या आधीचं, तुला त्यात काही नाही.”

चिकोडीचा वकील
हे आपल्या भागात फार ऐकू येतं. हिंदू वारसा कायद्यातली कर्नाटकची दुरुस्ती 1994 ला लागू झाली, तिनं आधी लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या. पण 9 सप्टेंबर 2005 पासून केंद्राची दुरुस्ती आली, आणि 11 ऑगस्ट 2020 ला सर्वोच्च न्यायालयानं मुलीचा हक्क जन्मानंच असल्याचं सांगितलं. 20 डिसेंबर 2004 पूर्वी रीतसर वाटणी झाली नसेल, तर लग्न केव्हा झालं हा प्रश्नच उरत नाही. मात्र शेती आणि दुकानं एकाच भांडणात कालवू नका. दुकानांना हा नियम लागत नाही, तिथं ट्रस्टचा कागद काय म्हणतो तेच चालतं.

खानापूरचा थोरला
मोबदल्याचं कलम मला माहीत नव्हतं, मान्य. तरी वकिलाची नोटीस पाठवू नका, ताई. नोटीस आली की भाऊ पाठ फिरवतो, मीही फिरवली असती. त्याच्याबरोबर बसा, छताच्या पावत्या त्याच्याकडून मागा, त्या आधी वजा करा. त्यानं केलेलं कुणीतरी मोजलं एवढं त्याला दिसू दे.

निपाणीकर
आणि नाही बसला तर?

शहापूरची लेक
तर वकिलाकडे जाईन. पण आधी श्रावणात जाते माहेरी. लाल वही बरोबर नेते, कोऱ्या पानावर पहिला आकडा छताचा लिहायला सांगते.